महासंगणकाचे जनक : सेमूर क्रे

२८ सप्टेंबर २०२५ हा सेमूर क्रे यांच्या जन्मशताब्दीचा दिवस. गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत आपण सयाजीराव महाराज, लोकमान्य टिळक अशा थोरांची चरित्रे वाचत आलो आहोत. त्या पंक्तीत हा अमेरिकन अभियंता कुठून आला, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. बडोद्यातल्या मराठी घरांपैकी बहुतेकांत एक तरी मुलगा, सून, जावई किंवा नात संगणकाच्या नोकरीत आहे. ती पुण्यात असेल, बंगळूरला असेल, नाहीतर साता समुद्रापलीकडे. शिवाय दर पावसाळ्यात विश्वामित्रीला किती पाणी येणार, या काळजीने आपण हवामान खात्याचा अंदाज पाहतो. तो अंदाज ज्या जातीच्या यंत्रांवर तयार होतो, त्या महासंगणकांच्या घराण्याचे क्रे हे मूळपुरुष. म्हणून यंदा त्यांची ओळख करून द्यावी असे आम्हाला वाटले. आम्ही पदविकेपर्यंत शिकलेले सरकारी नोकर, संगणकशास्त्राचे पंडित नव्हे. तेव्हा जे सांगू ते आपल्या रोजच्या कामातल्या उदाहरणांनीच सांगू.

सेमूर रॉजर क्रे यांचा जन्म १९२५ मध्ये अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील चिप्पेवा फॉल्स या लहान गावी झाला. वडील स्थापत्य अभियंता होते. मुलाचा ओढा यंत्रांकडे आहे हे ओळखून त्यांनी घराचे तळघर त्याच्या हवाली केले. दहाएक वर्षांचा असताना या मुलाने खेळण्यातल्या लोखंडी पट्ट्या आणि स्क्रू वापरून एक यंत्र बनवले. छिद्रे पाडलेल्या कागदी पट्टीवरून ते तारायंत्राचे कड-कट्ट संदेश तयार करीत असे. पुढे दुसरे महायुद्ध सुरू झाले. १९४३ मध्ये शाळा संपताच त्यांना सैन्यात जावे लागले. आधी युरोपात ते बिनतारी संदेशांचे काम करीत होते. नंतर फिलिपाइन्समध्ये जपानी सैन्याच्या सांकेतिक संदेशांचा माग काढण्याच्या कामावर होते. युद्ध संपल्यावर मिनेसोटा विद्यापीठातून त्यांनी विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि १९५१ मध्ये उपयोजित गणितात पदव्युत्तर पदवी मिळवली.

त्या काळी संगणक हे मोठ्या खोलीभर पसरलेले, काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारे, सतत गरम होणारे धूड असे. सेंट पॉल शहरातल्या एका कंपनीत क्रे लागले आणि थोड्याच दिवसांत तिथले सगळे त्यांच्याकडे अडचणी घेऊन येऊ लागले. १९५७ मध्ये तिथल्या काही सहकाऱ्यांनी कंट्रोल डेटा नावाची नवी कंपनी काढली. हातातले नौदलाचे काम पुरे करून क्रेही तिकडे गेले. तिथे त्यांनी व्हॉल्व्ह सोडून ट्रान्झिस्टरवर चालणारा १६०४ हा संगणक घडवला. १९६० मध्ये तो बाजारात आला.

इथे आपल्याकडचा एक धागा जोडून घेऊ. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये एक मोठा परदेशी संगणक बसला. तो कंट्रोल डेटा कंपनीचा ३६०० होता, म्हणजे क्रे यांच्या १६०४ च्याच वंशातला. भारतातल्या शास्त्रज्ञांच्या एका आख्ख्या पिढीने मोठ्या संगणकावर काम करायचे धडे कुलाब्यातल्या त्या यंत्रावर गिरवले. क्रे हे नाव तेव्हा आपल्याकडे कोणी ऐकले नव्हते, पण त्यांच्या विचाराची सावली मुंबईपर्यंत पोहोचली होती.

क्रे यांना बैठका, अहवाल आणि साहेबी थाट यांचा कंटाळा होता. १९६२ मध्ये त्यांनी कंपनीकडून आपल्या जन्मगावी, चिप्पेवा फॉल्सला, स्वतंत्र प्रयोगशाळा बांधून घेतली. पेन्सिल आणि चौकटीचा कागद एवढ्या साहित्यावर ते संगणकाची रचना करीत. तिथे चौतीस माणसांच्या चमूने, त्यात झाडलोट करणाराही धरला होता, ६६०० हा संगणक उभा केला. तोवरच्या सर्वात वेगवान यंत्राच्या सुमारे तिप्पट त्याचा वेग होता. आय.बी.एम.सारख्या बलाढ्य कंपनीच्या प्रमुखाला हे इतके झोंबले, की आपल्या हजारोंच्या फौजेला हे का जमले नाही, अशी लेखी विचारणा त्याने आपल्या अधिकाऱ्यांकडे केली. १९६४ चे हे यंत्र जगातला पहिला महासंगणक मानले जाते.

त्यात विशेष काय होते? आपल्याला वाटते, संगणक म्हणजे एक मेंदू, आणि मेंदू जितका तल्लख तितका संगणक वेगवान. क्रे यांनी फार लवकर ओळखले की खरी अडचण मेंदूत नाही, मेंदूला वेळेवर आकडे पुरवण्यात आहे. संगणकाच्या ज्या भागात आकडे साठवलेले असतात त्याला मेमरी म्हणतात. हिशेबनीस कितीही हुशार असो, प्रत्येक आकड्यासाठी त्याला उठून रेकॉर्ड रूममध्ये जावे लागले आणि तिथे शिपाई फाईल शोधत बसला, तर हिशेबनिसाची हुशारी वाया जाते. ६६०० मध्ये मुख्य मेंदूच्या हाताशी बेरीज, गुणाकार, भागाकार वगैरे करणारे दहा वेगवेगळे विभाग होते. बाहेरून माहिती आणण्या-नेण्याच्या हलक्या कामासाठी आणखी दहा छोटे मदतनीस प्रोसेसर होते. कोणते काम कोणाच्या उत्तरासाठी थांबले आहे, याची नोंद यंत्र स्वतःच ठेवी. ज्याला थांबायचे कारण नाही तो विभाग पुढे जाई. मुख्य साहेबाने टपाल स्वीकारायला दारात उभे राहू नये, एवढा साधा कार्यालयीन शहाणपणा त्यामागे होता.

यानंतर ७६०० आला, तोही यशस्वी झाला. मग क्रे यांनी ८६०० चा घाट घातला. चार मेंदू आणि त्यांची एकच सामाईक मेमरी अशी ती कल्पना होती. पण एवढे सुटे भाग इतक्या दाटीने बसवले की उष्णता आवरेना आणि सगळे भाग एकाच वेळी नीट चालेनात. कंपनीकडे पैशाची ओढाताण होती. १९७२ मध्ये क्रे बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःच्या नावाची कंपनी काढली. चार मेंदूंचा नाद त्यांनी तूर्त सोडला. एकच मेंदू, पण त्याला आकड्यांचा कधीही तुटवडा पडू द्यायचा नाही, असे त्यांनी ठरवले.

त्यातून १९७६ मध्ये क्रे-१ जन्माला आला. वरून पाहिले तर इंग्रजी सी अक्षरासारखा गोल, खाली भोवताली गादीची बैठक. दिवाणखान्यात ठेवावा असा दिसे, पण त्या गोलाईला कारण होते. वीज तारेतून कितीही वेगाने गेली तरी एका अब्जांश सेकंदात ती फुटापलीकडे जात नाही. यंत्राचा ठोका साडेबारा अब्जांश सेकंदांचा. तार लांब असली तर ठोका चुकणार. गोल आकारामुळे आतल्या बाजूच्या तारा आखूड राहिल्या. बैठकीच्या गाद्यांखाली वीजपुरवठ्याची यंत्रणा होती. मेमरी सोळा कप्प्यांत वाटलेली होती. एका कप्प्याने आकडा दिला की त्याला पुन्हा तयार व्हायला चार ठोके लागत, तोवर पुढचा कप्पा देई. रेशनच्या दुकानात एकच खिडकी असली तर रांग लागते, सोळा असल्या की लागत नाही, तसेच. त्या मेमरीत जेमतेम आठ मेगाबाइट माहिती मावे. आज मोबाइलवर काढलेल्या दोन-तीन फोटोंना ती पुरायची नाही. तरीही ते यंत्र सेकंदाला कोट्यवधी हिशेब करी, आणि त्या प्रकारची ऐंशीहून अधिक यंत्रे विकली गेली.

पण यंत्र नुसते वेगवान असून भागत नाही, त्याला काम नीट सांगणारा हवा. शास्त्रज्ञ आपले गणित फोरट्रान नावाच्या भाषेत लिहीत. ते यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या कार्यक्रमाला कंपायलर म्हणतात. कंपायलर नुसता दुभाषा नसतो. चांगला हेडक्लार्क जसा साहेबाचा आदेश वाचून कामाची सोयीची मांडणी करतो, तसा तो कामाचा क्रम लावतो. क्रे-१ चौसष्ट आकड्यांचा गठ्ठा उचलून त्यावर सलग एकच क्रिया करू शकत असे. मात्र कोणत्या कामाचा गठ्ठा बांधता येतो हे कोणी तरी ओळखायला हवे. पगारबिलाचे उदाहरण घ्या. दोनशे कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता काढायचा आहे. एकाच्या भत्त्याचा दुसऱ्याशी संबंध नाही, सबब गठ्ठ्याने काढता येतो. कॅशबुकातली शिल्लक मात्र तशी काढता येत नाही, कारण प्रत्येक ओळीची शिल्लक आदल्या ओळीवर अवलंबून असते. हा भेद आपोआप ओळखून गठ्ठे बांधणारा फोरट्रानचा कंपायलर क्रे यांच्या कंपनीने १९७८ मध्ये दिला. त्यामुळे शास्त्रज्ञांना यंत्राच्या खाचाखोचा न शिकताही वेग मिळू लागला.

यापुढे काळ बदलला. एका मेंदूचा वेग वाढवण्याला निसर्गाचीच मर्यादा पडू लागली. मग एकाऐवजी दोन, चार मेंदू जोडावेत असे इतरांना वाटू लागले. क्रे यांच्याच कंपनीत स्टीव्ह चेन या अभियंत्याच्या नेतृत्वाखाली १९८२ मध्ये क्रे एक्स-एमपी तयार झाला. त्यात दोन मेंदू आणि एक सामाईक मेमरी होती. क्रे स्वतः तोवर कंपनीचे प्रमुखपद सोडून पुन्हा आपल्या कागद-पेन्सिलीकडे वळले होते.

सामाईक मेमरीत सोय आहे तसा धोकाही आहे, आणि आजही संगणकवाल्यांची झोप उडवणारा विषय तोच आहे. समजा, मंडळाच्या वर्गणीची एकच वही आहे आणि दोन कार्यकर्ते ती वापरतात. वहीत एकूण ५,००० रुपये आहेत. एकाने ५०० आणले, दुसऱ्याने ३००. दोघांनीही एकाच वेळी वहीत डोकावून ५,००० हा आकडा वाचला. पहिल्याने ५,५०० लिहिले, त्यावर दुसऱ्याने ५,३०० लिहिले. पेटीत पैसे ५,८०० आणि वहीत ५,३००. कोणी लबाडी केली नाही, बेरीजही कोणाची चुकली नाही, तरी हिशेब चुकला. उपाय एकच. एकाने वही हातात घेतली की त्याची नोंद होईपर्यंत दुसऱ्याने थांबायचे. एक्स-एमपीमध्ये अशा थांबण्या-सोडण्याच्या खुणांसाठी खास जागा राखून ठेवल्या होत्या. पण सारखे थांबावे लागले तर दोन मेंदू असून उपयोग काय? म्हणून कमीत कमी वेळा थांबावे लागेल अशी कामाची वाटणी करणे ही खरी विद्या.

इथे कंपायलरचा शहाणपणाही अडचणीत येतो. तत्पर कारकून दर वेळी उठून वहीत लिहायला जात नाही. चिठ्ठीवर बेरीज ठेवतो आणि संध्याकाळी एकदाच वहीत उतरवतो. कंपायलरही अगदी तेच करतो, आकडा मेंदूच्या हाताशी ठेवतो आणि मेमरीकडच्या खेपा वाचवतो. एकटा असताना ही उत्तम काटकसर. पण दुपारी दुसरा कोणी तीच वही पाहून खर्चाचा निर्णय घेणार असेल, तर ती काटकसर घातक. म्हणून कुठले पान सामाईक आहे हे कंपायलरला स्पष्ट बजावावे लागते. आपल्या घरातली तरुण मंडळी रात्री उशिरापर्यंत संगणकासमोर बसून जे दोष शोधत असतात, त्यातले कितीतरी या जातीचे असतात.

१९८५ मध्ये क्रे यांनी क्रे-२ आणला. त्यात चार मेंदू आणि त्या काळी अवाढव्य वाटणारी दोन गिगाबाइटची सामाईक मेमरी होती. सगळे सुटे भाग थंड ठेवण्यासाठी वीज न वाहणाऱ्या द्रवात अक्षरशः बुडवलेले होते. पण मेमरी मोठी झाली तशी तिच्याकडून आकडा यायला वेळ लागू लागला. ज्या कामाला मोठी मेमरी लागत नसे, त्यात एक्स-एमपी अनेकदा बरोबरीने चाले किंवा पुढे जाई. कोठार मोठे बांधले, पण ते लांब गेले. मेंदूच्या जवळची छोटी मेमरी नीट वापरण्याची जबाबदारी पुन्हा कंपायलरवर आणि कार्यक्रम लिहिणाऱ्यावर आली.

याच सुमारास क्रे यांचे नाव भारतीय वर्तमानपत्रांत झळकू लागले. आपल्या देशाला हवामानासाठी आणि संशोधनासाठी महासंगणक हवा होता. त्यावर अण्वस्त्रांचे हिशेब होतील या संशयाने अमेरिकेने बरीच घासाघीस केली. अखेर दिल्लीच्या हवामान केंद्रासाठी एका मेंदूचा क्रे एक्स-एमपी मिळाला, तोही अटी घालून. मागितले होते त्याहून ते यंत्र लहान होते. आपल्या सरकारने मग स्वतःच महासंगणक बांधायचे ठरवले. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. तिची धुरा डॉ. विजय भटकर यांच्याकडे आली. भटकर अकोला जिल्ह्यातले. आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे त्यांचे पदव्युत्तर अभियांत्रिकीचे शिक्षण आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात झाले. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये सुरू केलेल्या कलाभवनातून वाढलेले हे अभियांत्रिकीचे शिक्षण.

पुण्याने क्रे यांची वाट धरली नाही. एक अतिवेगवान मेंदू घडवायला लागणारे भाग आपल्याला कोणी देणारच नव्हते. म्हणून बाजारात मिळणाऱ्या ट्रान्सप्युटर नावाच्या साध्या चिपा अनेक संख्येने जोडल्या. प्रत्येकीला स्वतःची मेमरी दिली आणि एकमेकींना निरोप पाठवण्याची सोय केली. एका वहीवर भांडण नको, प्रत्येकाची वही वेगळी आणि गरजेपुरती चिठ्ठी इकडून तिकडे. १९९१ मध्ये परम ८००० उभा राहिला. सामाईक वही नसली की कोण कोणाला काय आणि कधी कळवणार, हे आधीच ठरवावे लागते. ते काम सोपे नव्हते, पण ते आपल्या माणसांनी केले.

इकडे क्रे यांचे दिवस फिरले होते. अनेक साध्या चिपा जोडण्यावर त्यांचा विश्वास नव्हता. थोडेच पण बलवान मेंदू हवेत, हा त्यांचा आयुष्यभराचा आग्रह. क्रे-३ साठी त्यांनी सिलिकॉन सोडून गॅलियम आर्सेनाइड हा महागडा, हाताळायला कठीण पदार्थ निवडला. १९८९ मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे वेगळी कंपनी काढली. १९९३ मध्ये एक यंत्र एका हवामान संशोधन केंद्राकडे गेले, पण विकत घेणारा मिळाला नाही. शीतयुद्ध संपले होते, सरकारी तिजोरी आखडली होती आणि साध्या चिपा दरवर्षी अधिक वेगवान व स्वस्त होत होत्या. मार्च १९९५ मध्ये कंपनीने दिवाळे जाहीर केले.

सत्तरीच्या उंबरठ्यावर दिवाळे निघालेला माणूस घरी बसला असता तर कोणी नाव ठेवले नसते. क्रे यांनी ऑगस्ट १९९६ मध्ये पुन्हा एक कंपनी काढली, तिला आपल्या नावाची आद्याक्षरे दिली, आणि या वेळी अनेक प्रोसेसर जोडण्याचा मार्ग स्वीकारला. आयुष्यभर ज्याला विरोध केला ते मान्य करून नव्याने शिकायला बसण्याची तयारी, आमच्या मते, त्यांच्या सगळ्या यंत्रांपेक्षा मोठी होती. पण काळाने अवधी दिला नाही. २२ सप्टेंबर १९९६ रोजी त्यांच्या गाडीला महामार्गावर भीषण अपघात झाला. त्यांचा एकाहत्तरावा वाढदिवस इस्पितळात उजाडला. ५ ऑक्टोबरला त्यांचे निधन झाले.

माणूस म्हणून ते अबोल होते. प्रसिद्धी टाळत, सत्कारांना जायला नाखूश असत. बर्फावरचे खेळ, होडी, आणि घराखाली स्वतःच्या हाताने भुयार खणणे असे त्यांचे छंद. फावडे हातात असले की कोडी सुटतात असा त्यांचा अनुभव होता म्हणे.

त्यांची कंपनी अनेक हातांतून गेली, पण नाव टिकले. २०१८ मध्ये पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत प्रत्युष हा महासंगणक सुरू झाला. तो क्रे कंपनीचा होता. त्याच्या जोरावर जगाच्या वातावरणाचे सुमारे १२ किलोमीटरचे चौकोन पाडून अंदाज काढला जाऊ लागला. आता नव्या यंत्रांवर ते चौकोन ६ किलोमीटरपर्यंत आले आहेत. एका चौकोनातला वारा शेजारच्या चौकोनात जातो, त्यामुळे प्रत्येक प्रोसेसरला शेजाऱ्याचे आकडे वेळेवर लागतात. हजारो प्रोसेसर, आणि प्रत्येकाला दुसऱ्याची वही पाहायची गरज. क्रे यांचा पहिला प्रश्न, मेंदूला आकडे वेळेवर कसे पुरवायचे, तो अजून तसाच उभा आहे.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीच्या पुराने बडोद्याची काय अवस्था केली ते आपण सर्वांनी पाहिले. जरा जोराचा पाऊस झाला की अलकापुरीच्या गरनाळ्यात पाणी भरते आणि स्टेशनच्या दोन बाजू तुटतात, हे तर दरवर्षीचेच. आजव्याचे पाणी कधी सोडायचे, शाळा कधी बंद ठेवायच्या, माणसे कधी हलवायची, हे निर्णय आदल्या दिवशी घ्यावे लागतात. पाऊस पडून गेल्यावर आलेला अंदाज कितीही अचूक असला तरी निरुपयोगी. चोवीस तासांचे हवामान दोन-तीन तासांत मोजून व्हायलाच हवे. वेग हा तिथे हौसेचा विषय राहत नाही, माणसांच्या जिवाचा होतो.

म्हणून पुढच्या वेळी घरातला मुलगा किंवा सून सांगेल की मी मेमरी आणि कंपायलरचे काम करते, तेव्हा नुसती मान हलवून विषय बदलू नये. वर्गणीच्या वहीचे उदाहरण देऊन विचारावे, तुमच्याकडे वही एक की अनेक, आणि आधी कोण लिहितो हे कोण ठरवते? त्यांनाही बरे वाटेल, आणि आपल्यालाही कळेल की अलकापुरीतल्या आपल्या घरात बसून ही मुले कोणत्या मोठ्या परंपरेचे काम पुढे नेत आहेत.